सही तुझी होती

प्रज्ञा,

हँगरमध्ये पाच वर्षं मी तुला 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणत आलो. तू कितीदा म्हणालीस, "काका, माझ्या वडिलांच्या वयाचे तुम्ही. अहो-जाहो केलं की मला कसंतरीच होतं. तू म्हणा ना." मी मान डोलवायचो आणि पुढच्याच वाक्याला पुन्हा 'मॅडम, तुम्ही'. सुरुवातीला ते मुद्दाम होतं, तुला चार हात लांब ठेवायला. पुढे ते मनापासून यायला लागलं, पण शब्द तोच राहिल्याने तुला फरक कळला की नाही, देव जाणे. आज तू म्हणतो. ऐकायला तू नाहीस म्हणून जमतंय.

तुला जाऊन अकरा दिवस झाले. तुझं शिक्षण, तुझे परवाने, कुठे कुठे नोकऱ्या केल्यास, ते सगळं जलदान विधीच्या दिवशी तुझ्या घरी सांगून झालं. मला त्यातलं अर्धं माहीतही नव्हतं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पुढे बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, शेजारी तुझा फोटो. भंतेजी पाली म्हणत होते. मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि सगळा वेळ मला एकच वाटत होतं, की मला जे माहीत आहे ते इथे कुणालाच माहीत नाही. ते एका जुन्या हेलिकॉप्टरच्या पोटातलं आहे. मी लिहिलं नाही तर ते तिथेच राहील.

तू पहिल्या दिवशी आलीस तेव्हा शेठनी, म्हणजे आपल्या मालकांनी, आम्हा सगळ्यांना उभं करून ओळख करून दिली. "या आपल्या नव्या इंजिनिअर. रेडिओ, वायरिंग, घड्याळं, सगळं यांच्याकडे. सहीचा अधिकार यांचा." मग त्यांनी तुझं पूर्ण नाव सांगितलं. आम्ही दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघितलं. बाई आहे म्हणून बघितलं, वय कमी म्हणून बघितलं, आणि आडनाव ऐकूनही बघितलं. मी त्यात होतो. हे मी तुला कधी सांगितलं नाही, पण सांगायची गरज नव्हती. तू ते पाहिलंस. वही मिटलीस आणि म्हणालीस, "यातलं सगळ्यात जुनं मशीन कोणतं? ते आधी दाखवा."

सगळ्यात जुनं म्हणजे आपलं निळं. शेठकडे तीन हेलिकॉप्टरं, त्यातलं हे तीस वर्षांच्या पुढचं. ते माझं होतं असं मी समजायचो. वीस वर्षं फौजेत असल्याच यंत्रांखाली लोळलो, पुढची वीस बाहेर. निळ्याचा एकेक रिव्हेट मला ठाऊक होता. तू आत डोकं घातलंस, पॅनेलखाली टॉर्च मारलास आणि एकेक जुडगा बोटाने बाजूला सारत गेलीस. मग म्हणालीस, "काका, इथे किती जणांनी हात मारलाय?"

"लय जणांनी," मी म्हणालो.

निळ्याची अडचण साधी होती. इंजिन धडधाकट, पंखे चांगले, पण आकाशातले नियम बदलत चालले होते. पूर्वी खालून रडारने विचारलं की ट्रान्सपॉन्डर नावाचा डबा एक नंबर आणि उंची सांगायचा, तेवढ्यावर भागायचं. आता मोठ्या शहराच्या आकाशात शिरायचं तर यंत्राने कुणी न विचारता, सारखं सांगत राहायला हवं, की मी कोण, कुठे आहे, किती उंचीवर आहे. निळ्याच्या डब्याला ते येत नव्हतं. आणि शेठनी तर सुरगाणा, पेठ भागातले अडलेले रुग्ण मुंबईला पोचवायचं काम धरलं होतं. मुंबईच्या हद्दीत जाताच येणार नसेल तर निळं म्हणजे शेडमधला बैल.

शेठचं म्हणणं सरळ होतं. नवा डबा आणा, जुन्याच्या जागी बसवा, मोकळे व्हा.

"डबा बसवायला दोन दिवस," तू म्हणालीस. "पण डब्यापर्यंत जी वायर जाते ती कुठून येते, हे मला कुणी सांगू शकेल का? नकाशात एक आहे, आत दुसरंच आहे."

म्हणून पॅनेल निघालं. सगळं. तीस वर्षांत जो आला त्याने आपली वायर ओढली होती आणि जाताना दुसऱ्याची कापून, टेप गुंडाळून तशीच सोडली होती. तू पुढे बसायचीस मीटर घेऊन, मी शेपटीकडच्या कप्प्यात आडवा. मी एका वायरीला मीटरचं दुसरं टोक लावायचो, वायर तीच असली की मीटर वाजायचा, आणि तू पुढून ओरडायचीस.

"नाही वाजलं. पुढची."

"आता?"

"नाही."

"आता तरी?"

"वाजलं! हिला नंबर लावा."

तीन आठवडे आपलं दुसरं बोलणं नव्हतं. मला वाटतं त्या तीन आठवड्यांत मी तुझा आवाज जेवढा ऐकला तेवढा घरात कुणाचा ऐकला नसेल. कुठेच न जाणाऱ्या वायरी काढून आपण ढीग केला आणि मी शेजारच्या गावातून कांदा मोजायचा काटा आणला. साडेसहा किलो भरल्या. तू हसून खाली बसलीस. "काका, तीस वर्षं हे मशीन साडेसहा किलो मेलेली वायर घेऊन उडतंय." मग लगेच गंभीर होऊन म्हणालीस, आता पूर्ण मशीनचं पुन्हा वजन करायला लागेल, तोल बदलला. मी वैतागलो. साडेसहा किलोने काय होतं? तू ऐकलं नाहीस. वजन झालं.

आपलं खरं भांडण जुंपलं ते अँटेनावरून. नव्या डब्याची अँटेना, हाताच्या पंजाएवढी, माशाच्या परासारखी. तुझं म्हणणं, ती पोटाखाली हवी. खालच्या स्टेशनांना ती दिसली पाहिजे, मध्ये यंत्राचं अंग येता कामा नये. माझं म्हणणं, मॅडम, हे यंत्र विमानतळावर उतरत नाही. सुरगाण्याकडे भाताच्या खाचरात उतरतं, नागलीच्या मळीवर उतरतं. खाली दगड असतात, धसकटं असतात, बांध असतात. पोटाखाली काही लोंबतं ठेवलं की ते गेलंच समजा. शेपटीच्या दांडीवर लावा.

"शेपटीवर लावली तर यंत्र वळलं की स्टेशनला दिसणार नाही."

"आणि पोटाखाली लावली तर मोडल्यावर दिसंल का?"

तू कागद काढलास, कोन काढलेस, स्किडची, म्हणजे यंत्र ज्या दोन दांड्यांवर टेकतं त्यांची, उंची मोजलीस, जमिनीपासून अंतर मोजलंस. "एवढी जागा उरते, काका."

"सपाट जमिनीवर."

"बांधावर उतरायचंच कशाला? कॅप्टनना सांगा, बघून उतरा."

आपले कॅप्टन शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मी कुठे उतरतो ते खाली मरायला टेकलेला माणूस ठरवतो, मॅडम." आणि निघून गेले. शेवटी अँटेना पोटाखालीच लागली, कारण सही तुझी. भोकं मात्र मी पाडली, आतून पत्र्याची जोडपट्टी मी बसवली, आणि ती इतकी नीट बसवली की तू दोनदा बोट फिरवून बघितलंस. वाद मात्र मिटला नाही. तू कधीही समोर आलीस की मी म्हणायचो, "शेपटीवर पाहिजे होती." तू म्हणायचीस, "पोटाखालीच."

आता त्या रिंगेचं सांगतो.

उंचीचं घड्याळ बाहेरच्या हवेच्या दाबावर चालतं. बाहेरून एक बारीक नळी आत येते, तिच्यातून घड्याळाला हवा मिळते, आणि तिच्यातूनच नव्या डब्यालाही उंची कळते. नळी जिथे जिथे जोडली जाते तिथे रबराची एक छोटी रिंग असते. पॅनेलमागचे सांधे माझ्याकडे होते. पाकिटात एक रिंग कमी निघाली. शुक्रवारची दुपार होती, नवी यायला मंगळवार उजाडला असता. मी जुनी काढलेली रिंग घेतली, नखाने दाबून बघितली, बरी वाटली. थोडं ग्रीस चोळून तीच बसवली. फौजेत असल्या किती रिंगा चालवल्या, असं स्वतःला सांगितलं. खरं तर फौजेत हे केलं असतं तर उस्तादाने कानाखाली काढली असती.

तू विचारलंस, "झालं काका?" मी म्हणालो, "झालं." तो सांधा तू उघडून बघितला नाहीस. माझ्या शब्दावर सही केलीस.

सोमवारी तपासणी. त्या नळीतून पंपाने हवा ओढली की घड्याळाला वाटतं आपण वर चढलोय. पाच हजार फुटांवर नेऊन झडप बंद करायची आणि मिनिटभर काटा बघायचा. तो जागेवर राहायला हवा. निळं हँगरमध्ये उभं होतं आणि काटा खाली घसरत होता. तू पुन्हा केलंस. पुन्हा घसरला. नळी कुठेतरी गळत होती.

मला पहिल्या घसरणीलाच कळलं होतं कुठे ते.

कॅप्टन तिथेच होते. तू माझ्याकडे वळलीस. "काका, पॅनेलमागच्या रिंगा सगळ्या नव्या ना?"

"सगळ्या नव्या," मी म्हणालो.

"मग गळती दुसरीकडे असणार." एवढं म्हणून तू शेपटीकडून सुरुवात केलीस.

दोन दिवस, प्रज्ञा. दोन दिवस तू पाठीवर झोपून, आरसा आणि टॉर्च घेऊन एकेक सांधा सोडवत, बघत, बंद करत पुढे सरकत होतीस. माझ्या शब्दावर. मी तुला पाने देत होतो. दर सांध्यापाशी मला वाटायचं आता सांगावं, आणि दर सांध्यानंतर सांगणं आणखी अवघड व्हायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी फक्त पॅनेलमागचेच उरले. मी टॉर्च धरला. तू तो सांधा सोडवलास आणि रिंग बाहेर आली, चपटी झालेली, कडक, एका बाजूला चीर. तू ती बोटाच्या टोकावर घेतलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. सकाळीच आलेल्या पाकिटातली नवी रिंग खिशातून काढलीस आणि माझ्या हातावर ठेवलीस. मी बसवली. काटा मिनिटभर हलला नाही.

तेवढ्यात शेठ आले. रुग्ण न्यायचं काम आठवड्यावर आलं होतं आणि दोन दिवस वाया गेले होते. ते तापलेलेच होते. "काय निघालं?"

"एका सांध्यात जुनी रिंग राहिली होती."

"राहिली होती म्हणजे? कोणाची चूक?"

तू म्हणालीस, "सही माझी आहे, शेठ."

"म्हणजे तुमची चूक."

"सही माझी आहे."

शेठ मग खूप बोलले. शेवटी म्हणाले, "म्हणूनच मी म्हणत होतो, एखादा अनुभवी माणूस घ्यावा." तो अनुभवी माणूस टॉर्च धरून तुझ्यामागे उभा होता. टॉर्च अजून चालूच होता, हे मला नंतर लक्षात आलं.

मी तेव्हा तुझे पाय धरायला हवे होते. मी काय केलं ते तुला आठवतच असेल. चहाच्या वेळी तू माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि आवाज न चढवता म्हणालीस, "काका, पुढच्या वेळी रिंग कमी पडली तर मला सांगा. काम दोन दिवस थांबेल. बाकी काही होणार नाही."

आणि मला राग आला. "चाळीस वर्षं झाली मला या कामात, मॅडम. तुम्ही जन्मला पण नव्हता."

"नव्हते," तू म्हणालीस, आणि चहा प्यायलीस.

त्यानंतर महिनाभर मी तुझ्याशी कामापुरतंच बोललो. चूक माझी आणि फुगून बसलेलाही मीच. आमच्या कळवणकडे अशा माणसाला काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. तू मात्र रोज सकाळी हँगरमध्ये शिरताना, माझ्याकडूनच शिकलेल्या अहिराणीत विचारायचीस, "बरं शे ना काका?" मी नुसता हुंकार द्यायचो.

रुग्णाच्या कामाआधी निळं तपासणीसाठी मुंबईच्या दिशेने उडवायचं ठरलं तेव्हा कॅप्टनशेजारी तू बसलीस आणि मागे वळून मला म्हणालीस, "काका, चढा. सांधे तुमचे आहेत." मला आधी तो टोमणा वाटला. घाट ओलांडल्यावर कॅप्टननी रेडिओवर मुंबईला विचारलं, आमची उंची किती दिसतेय? खालून उत्तर आलं. आपल्या घड्याळात तेवढीच होती. पायरीपायरीने वर गेलो, खाली आलो, दर वेळी दोन्ही आकडे जुळले. तू प्रत्येक आकडा लिहीत होतीस. शेवटचा लिहून झाल्यावर मागे हात करून अंगठा दाखवलास. मी खिडकीबाहेर बघत बसलो, कारण डोळे भरून आले होते आणि ते तुला दाखवायचे नव्हते. टोमणा नव्हता तो. तू मला माझं काम बघायला नेलं होतंस.

त्यानंतर निळ्याने किती माणसं नेली ते मी मोजलं नाही. साप चावलेली, अडलेली बाळंतीण, झाडावरून पडलेला. काही वाचली, काही नाही. आपण दोघं पूर्वीसारखे भांडायला लागलो, म्हणजे सगळं ठीक झालं असं मी धरून चाललो. रिंगेचं नाव पुन्हा निघालं नाही.

मग तुझं पोट दुखायला लागलं. तू दोन महिने गोळ्यांवर काढलेस. आम्हाला म्हणायचीस, ॲसिडिटी. दुसऱ्याच्या यंत्रात एवढीशी गळती सहन न करणारी तू, स्वतःच्या बाबतीत इतकी ढिली कशी राहिलीस? हे मला तुला रागावून विचारायचं होतं. डॉक्टरांनी गाठ सांगितली तेव्हा ती बरीच पसरली होती.

तू दवाखान्यात असतानाच ते घडलं. सुरगाण्याच्या पुढे एका पाड्याजवळ कॅप्टन घाईत खाचरात उतरले आणि पोटाखालची अँटेना दगडावर बसली. मुळापासून मोडली. मी तो तुकडा हातात घेतला आणि खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. चार वर्षं म्हणत होतो. आता जाऊन दाखवतो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आलो. तू उशीला टेकून बसली होतीस, डोक्याला रुमाल. हात इतके बारीक झाले होते की सलाइनची सुई हातापेक्षा मोठी वाटत होती. तू पहिला प्रश्न विचारलास, "अँटेना कशी आहे?"

"चांगली आहे," मी म्हणालो.

"काका, खोटं बोलताय. कॅप्टननी फोटो पाठवलाय."

तू हसायला लागलीस, हसताना दुखत होतं तरी. "जिंकलात ना? मग सांगत का नाही?"

"तुम्ही बऱ्या होऊन या, मग सांगतो."

"तरी जागा तीच बरोबर आहे," तू म्हणालीस. "स्किड उंच करून घ्या. उंच स्किड मिळतात या मॉडेलला. मी शेठना सांगितलंय." मग डोळे मिटून घेतलेस. थोड्या वेळाने म्हणालीस, "पण तुमचं म्हणणं चुकीचं नव्हतं हो काका." मी तिथे बसलो होतो, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. रिंगेचं सांगायला त्याहून चांगली वेळ आली नसती. मी म्हणालो, "संत्रं सोलून देऊ का?" तू नको म्हणालीस.

आपलं शेवटचं बोलणं ते.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी मी शेठच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, नोकरी राहो न राहो, आता सांगायचं. उभ्यानेच सांगितलं. "शेठ, निळ्याच्या पॅनेलमागे ती जुनी रिंग मी घातली होती. मॅडमनी स्वतःवर घेतलं."

शेठनी चष्मा काढला. "कोणती रिंग?"

मी सगळं पुन्हा सांगितलं. त्यांना आठवेना. तू जे बोलणं सगळ्यांसमोर खाली मान घालून ऐकून घेतलंस ते बोलणाऱ्याच्याच लक्षात नव्हतं. "जाऊ द्या काशिनाथ," ते म्हणाले, "चार वर्षं झाली त्याला." मी बाहेर आलो. हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

काल तुझे शाळामास्तर वडील हँगरवर आले. जलदान विधीला मी त्यांना म्हणालो होतो, गुरुजी, कधीतरी या, तिचं काम दाखवतो. मला वाटलं नव्हतं ते खरंच येतील. नाशिक रोडहून दोन बस बदलून आले, हातात कापडी पिशवी. मी त्यांना निळ्याजवळ नेलं, हात धरून पुढच्या सीटवर चढवलं आणि बॅटरी चालू केली. नवा डबा उजळला, आकडे दिसायला लागले. त्यांनी सगळं बघितलं आणि विचारलं, "यातलं तिचं काय?"

मी चार स्क्रू काढले आणि पॅनेल थोडं पुढे ओढून मागची बाजू दाखवली. प्रत्येक वायरीला नंबर, प्रत्येक जुडगा सारख्या अंतरावर बांधलेला, कुठेही एक टोक लोंबत नाही. "हे सगळं," मी म्हणालो. "यापूर्वी इथे गुंता होता." गुरुजी वाकून, टॉर्च स्वतः हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "घरी तिचं कपाट असं कधी नसायचं."

तिथेच मी त्यांना रिंगेचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. शेठना सांगून भागलं नव्हतं म्हणून असेल. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "केवढी असते ही रिंग?" मी करंगळीचं नख दाखवलं.

"हे तिला सांगितलंत का तुम्ही?"

"तिला माहीत होतं, गुरुजी."

"माहीत होतं ते ठीक," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलंत का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी टॉर्च बंद करून माझ्या हातात दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा आता सांगतो. प्रज्ञा, ती रिंग मी घातली. जुनी आहे हे मला माहीत होतं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो आणि दोन दिवस तुला पाठीवर सरपटत ठेवलं. शेठ बोलत होते तेव्हा मी तोंड उघडलं नाही. नंतर तुझ्यावरच चिडलो. माझं चुकलं. आणि तू जे केलंस ते माझ्यासाठी चाळीस वर्षांत कुणी केलं नव्हतं, हेही तुला सांगायचं राहिलं.

काल पॅनेल बंद करत होतो तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. सुरगाण्याहून जीपने नाशिकला आणलेली एक बाई, बाळंतपणानंतर रक्त थांबत नव्हतं, इथल्या डॉक्टरांनी मुंबईला हलवायला सांगितलं होतं. मी शेवटचा स्क्रू आवळला, एकदा हाताने तपासला, गुरुजींना खाली उतरवलं. स्ट्रेचर आत गेलं, बाईचा नवरा मागे बसला, कॅप्टननी इंजिन सुरू केलं. आम्ही दोघं कुंपणापाशी जाऊन उभे राहिलो. निळं उठलं, वळलं आणि घाटाच्या दिशेने गेलं. गुरुजी ते दिसेनासं होईपर्यंत बघत होते.

"आता मुंबईला कसं कळणार ते येतंय म्हणून?"

मी फोन काढला. आकाशातली यंत्रं दाखवणारा एक नकाशा असतो फोनवर. पूर्वी निळं त्यात दिसायचंच नाही. मोडलेल्या अँटेनाच्या जागी मी नवी बसवली आहे, पोटाखालीच. मी त्यांना निळ्याची खूण दाखवली. आम्ही बाकावर बसलो आणि ती सरकताना बघत राहिलो. कसाऱ्याच्या जवळपास खूण थांबली, आणि मग नाहीशी झाली.

गुरुजींनी माझा दंड धरला. "गेलं?"

"नाही गुरुजी. डोंगर आडवा आलाय. निघेल पलीकडे."

त्यांनी फोन माझ्या हातातून स्वतःकडे घेतला. दोघंही त्यावर वाकून बसलो. मिनिटभर असेल, जास्तही असेल. मग घाटाच्या पलीकडे ती खूण पुन्हा आली, खाली उंचीचा आकडा. गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि वर्गात वाचावं तसं मोठ्याने वाचलं, "चार हजार पाचशे." मग माझ्याकडे बघून विचारलं, "बरोबर आहे?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.